टचिंग केलेला फोटो

मार्चातली सकाळ हाय. आमच्या गल्लीतनं पोरी चालल्यात, छातीशी पॅड धरलेला, पॅडच्या चिमट्यात परीक्षेचं तिकीट अडकवलेलं. कुनाची आई मागनं पळत जाऊन हातावर दही ठेवतीया. कुनाचा बाप गाडीला किका मारतोया आन गाडी चालू व्हत न्हाई. जुन्नरच्या पेठेत ह्या दिसांत द्राक्षाचा वास असतो, पेटीत भरायच्या कागदाच्या कातरणीचा असतो, आन ऊन असं की सकाळी नवालाच पत्रा तापतो. मी उंबऱ्यात बसून बघते. माझं तिकडं आता काय काम ऱ्हायलं न्हाई. तरी त्या तिकिटावरचा एवढुसा फोटो दिसला की माझं ध्यान तितंच जातं. पोरीकडं बघते, मग फोटोकडं, परत पोरीकडं. जुळतंय का बघते. जुळलं की श्वास सोडते.

आमी सिद्दी. लोक हबशी म्हणतात. माझं माहेर कोकणात, जंजिऱ्याच्या अलीकडं, खाडीच्या काठाला. तितं आमच्यासारखीच दहा-ईस घरं, म्हणून लहानपणी मला कळलंच न्हाई की मी काळी हाय. ते कळलं माळशेज घाट चढून जुन्नरला नांदायला आल्यावर. नळावर हंडा लावला की बायका माझ्या केसांकडं बघायच्या. दाट, बारीक कुरळी, डोक्याला घट्ट धरून बसलेली केसं.

"आगं, ही कधी सुटतात का न्हाई?" एकीनं इचारलं व्हतं.

"न्हाई सुटत. म्हणून तर वाऱ्याचा तरास न्हाई," मी म्हणलं.

हसल्या. हसल्या की बरं असतं. मग पानी मिळतं.

सासरे म्हातारे व्हते. गावाभायेर शेतात तो मोठा दगडी घुमट हाय न्हवं, आत बोललं की आवाज फिरून आपल्याकडंच येतो, तितं मला पयल्या वर्साला घेऊन गेले. म्हणले, "सूनबाई, हे आपल्या लोकांचं. कोन म्हणतं सौदागराचं हाय. म्हणू दे. इतली बाग बी हबशाची व्हती, 'हबशी'चं बोलता बोलता 'हापूस' झालं, आता लोक आंब्याची समजतात." मग तंबाखू मळत सांगायला लागले. आफ्रिकेतनं एक पोर धरलं, बाजारात इकलं. एका धन्यानं दुसऱ्याला इकलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. फिरत फिरत ते दख्खनेत आलं, आन पुढं त्याच पोराचा वजीर झाला. त्यानं निजामशाहीच्या गादीवर राजा बसवला, दिल्लीच्या फौजा दमवल्या, जमिनी मोजून सारा बसवला. काय वर्सं तो ह्या जुन्नरातनंच राज्य चालवत व्हता.

मी तवा अठरा वर्सांची, तोंडाची फाटकी. म्हणलं, "मग आपल्याला नळावर शेवटाला का उभं ऱ्हावं लागतं?"

सासऱ्यांनी मळलेली तंबाखू दाढंत धरली. "वजीर तो व्हता," म्हणले. "आपण त्याच्या घोड्यामागं चालत आलो असू."

घोड्यामागं चालत आलेल्यांनी पुढं कल्हईचा धंदा धरला. आमचा मालक डोक्यावर भाता घेऊन गावोगाव फिरायचा, मी मागनं कोळशाचं पोतं. ओतूर, घोडेगाव, मंचर, वर पार घाटघरच्या अंगाला. चावडीपुढं खड्डा करून भट्टी लावायची. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, नाकात सुया टोचल्यागत व्हायचं. मग कथलाची कांडी फिरवायची आन कापसाच्या बोळ्यानं पुसून काढायचं. काळंकुट्ट पातेलं आतनं चांदीवानी व्हायचं. भायेरनं काळंच ऱ्हायचं, त्याला कोन नावं ठेवत न्हाई. त्या धुरानं मालकाची छाती खाल्ली. खोकत खोकत दोन पावसाळे काढले आन गेला. मी रडत बसले न्हाई असं न्हाई, पन भट्टी इझू दिली न्हाई. भाता वढायला कोनतरी पायजे, म्हणून लेकीला आठवीतनं काढली. जरीना तिचं नाव. तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आन दुसऱ्या दिशी भात्याला बसली. एक शबूद बोलली न्हाई. त्याचंच मला लई लागलं.

शेजारी कमळाबाई. अंगणवाडीत मदतनीस. त्यांच्या समाजात पोरगी शाळा सोडून घरी बसली तर घरोघर इचारतात, का सोडली, कोन आजारी हाय. एक दिवस ती आमच्या भट्टीपुढं येऊन उभी ऱ्हायली.

"हमीदा, हिचा सतरा नंबरचा फॉर्म भर."

"त्यो काय असतो?"

"शाळंत न जाता भायेरनं धाव्वीला बसायचं. घरी अभ्यास करायचा. माझी पुस्तकं देते, थोरलीची हायेत."

"भाता कोन वढील?"

"भाता मी वढते," कमळाबाई म्हणली, आन खरंच बसली की बया भात्याला, पदर खोचून. दोन हात मारले आन धुरानं अशी खोकली की जरीना पोट धरून हसायला लागली. लई दिसांनी हसली व्हती. मी फॉर्म भरला.

फॉर्मला फोटो पायजे व्हता. इथनं पुढं जे झालं ते माझ्या हातनं झालं, दुसऱ्या कुनाच्या न्हाई.

त्याच टायमाला संगमनेराकडनं एक स्थळ आलं व्हतं. त्यांना फोटो बघायचा व्हता. मी इचार केला, एकाच फोटोत दोन्ही कामं व्हतील. पेठेतल्या फोटोवाल्याकडं गेलो. पडद्यावर तळं रंगवलेलं, तळ्यात दोन बदकं. जरीना आत तोंड धुवायला गेली तसं मी फोटोवाल्याला हळूच म्हणलं, "भाऊ, जरा उजळ येऊ द्या."

"वैनी, काळजी नको. टचिंग करतो. निगेटिवावर पेन्सिल अशी फिरवतो की बघणारे बघत ऱ्हातील."

"वळखू येईल ना पन?"

"फोटो वळखायला असतो का वैनी? फोटो आवडायला असतो!"

मी म्हणलं, बरं. जरीनाची केसं मी घरनंच तेल चोपडून, पानी मारून, फणीनं वढून वढून इतकी घट्ट बांधली व्हती की तिच्या डोळ्यांत पानी आलं व्हतं. रोजच बांधायची मी तशी. लहानपणापासनं.

फोटो आला. गोरीपान न्हाई, पन गव्हाळ. नाक जरा बारीक, व्हट बी बारीक. केसांची कड अशी गुळगुळीत. जरीना लई येळ बघत ऱ्हायली. "अम्मा, ही मी?"

"मग कोन? लाइटीत बसलं की माणूस असंच दिसतं."

तिला ते खरं वाटलं. मराठीच्या पुस्तकात एक कापी तिनं ठेवली, आन अभ्यास करता करता मधीच उघडून बघायची. मला वाटलं, पोरीला बरं वाटतंय. वाटू दे.

सतरा नंबरच्या पोरांना कुटलं केंद्र येईल सांगता येत न्हाई. जरीनाला आलं आळेफाट्याच्या पुढं, एका शाळेत. तितं आम्हाला कोन वळखणार? फाट्याला उतरलं की निसते ट्रक. डिझेलचा धूर, गॅरेजातली ठोकाठोक, हाटेलापुढं खाटा. चालताना एका गॅरेजवाल्यानं हाळी दिली, "ए वेस्ट इंडीज!"

जरीना वळून म्हणली, "बॉलिंग टाकू का?"

सगळं गॅरेज हसलं. पयल्या पेपराला जाताना ती अशी व्हती. हे मी मुद्दाम सांगते, कारण जाताना ती अशी व्हती.

फाटकापाशी टेबल मांडलेलं. मोठे सर बसलेले, चष्म्यावाले, शेजारी एक पोलीस. मागल्या साली कुटंतरी दुसऱ्याच्या नावावर डमी पोरं बसली व्हती म्हणे, म्हणून त्या वर्साला सतरा नंबरवाल्यांची तपासणी कडक. एक-एक पोरगं पुढं जाई, सर तिकिटाचं कार्ड बघत, तोंड बघत, जा म्हणत. जरीनाचा नंबर आला. सरांनी कार्ड बघितलं. तोंड बघितलं. परत कार्ड बघितलं.

"हा फोटो कुणाचा?"

"माझा, सर."

"तुझा?"

पोलीस वाकून बघायला लागला. "सर, ही डमी हाय. सरळ हाय की. फोटोतली येगळीच पोरगी हाय."

"मीच हाय," जरीना म्हणली. तिचा आवाज अजून धीट व्हता. तिला खरंच वाटत व्हतं की फोटोत तीच हाय.

सर म्हणाले, "बाजूला उभी राहा." मागची पोरं आत जायला लागली. मी लिंबाच्या झाडाखालनं पळत आले. "साहेब, माझी लेक हाय ती."

"मग हा फोटो?"

आन मी काय करावं? खोटं बोलले. म्हणलं, "साहेब, फोटो सा म्हैन्यांमागला. भट्टीपुढं बसती, उन्हातान्हात फिरती, काळी पडली."

"सहा महिन्यांत नाक पण बदललं?" सर म्हणाले. वरडले न्हाईत. न वरडता बोलले म्हणून जास्ती भ्या वाटलं. "बाई, हे बोर्डाचं काम आहे. तोतया उमेदवार निघाला तर मला पोलिसात द्यावं लागेल. तिला पण आणि तुम्हाला पण. जिथं फॉर्म भरला त्या शाळेचं पत्र आणा."

जुन्नरला जाऊन परत यायचं म्हणजे पेपर सपला असता. आत घंटी झाली. पयली. पोरं बाकावर बसल्याचा आवाज आला, आन मग एकदम गप. जरीनानं पॅड असा धरला व्हता की तिची नखं पांढरी पडली व्हती. ती माझ्याकडं बघत व्हती. अम्मा काय तरी सांगंल, असं तिच्या डोळ्यांत व्हतं. आजूबाजूला पंधरा-ईस आया उभ्या, त्या बी बघायला लागल्या. दुसरी घंटी झाली.

मग मी सांगितलं.

"साहेब, फोटो तिचाच हाय. मीच फोटोवाल्याला सांगितलं व्हतं उजळ कर म्हणून. त्यानं पेन्सिलीनं रंग काढला, नाक बारीक केलं. तिला म्हाईत न्हाई. मला लाज वाटत व्हती तिच्या रंगाची. तिला न्हाई वाटत. मला वाटत व्हती."

इतकं बोलले. सरांकडं बघितलं न्हाई, आयांकडं बघितलं न्हाई. जरीनाकडं तर न्हाईच. पन माझ्या डाव्या बाजूला तिचा श्वास थांबल्याचं मला ऐकू आलं.

सर उठले. "जवळ उभ्या राहा दोघी. पदर जरा मागं घ्या बाई."

मी पदर मागं घेतला. माझी केसं पांढरी व्हायला लागली व्हती, पन कुरळी तशीच. इतक्या माणसांत मी कधी उघड्या डोक्यानं उभी ऱ्हायले नव्हते. सर माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायले, मग तिच्या. कपाळ, नाक, व्हट, हनुवटी. बाजारात जनावराची पारख करतात तसं मला वाटलं. सासऱ्यांच्या गोष्टीतलं ते बाजारात इकलेलं पोर मला आठवलं. त्याला बी असंच उभं केलं असंल, असंच तोंड वर करायला लावलं असंल. पन त्याच्या शेजारी त्याची आई नसंल.

"हवालदार, सोडा हिला," सर म्हणाले. "आईचं तोंडच दाखला आहे." मग माझ्याकडं वळून, "पण शाळेचं पत्र आणि खरा फोटो येईपर्यंत रोज तुम्ही स्वतः यायचं. इथं उभं राहून सांगायचं, ही माझी मुलगी. कागदावर अंगठा द्यायचा. एक दिवस आला नाहीत, तर मी हिला आत सोडणार नाही."

जरीना आत गेली. पंधरा मिन्टं गेली व्हती. जाताना तिनं मागं बघितलं न्हाई.

तीन तास मी त्या लिंबाखाली बसले. मोहराची बारीक फुलं डोक्यावर पडत व्हती. आया जरा लांब सरकून बसल्या व्हत्या. पेपर सुटला, जरीना आली, आमी फाट्यापतुर चालत गेलो. "कसा गेला?" मी इचारलं. "गेला," म्हणली. गॅरेजवाला परत वरडला, "काय वेस्ट इंडीज, आउट का?" ती खाली बघून चालत ऱ्हायली. यष्टीत खिडकीला डोकं टेकून बसली. घरी आल्यावर पुस्तकातली ती कापी काढली, आन चुलीत न्हाई टाकली, फाडली बी न्हाई. माझ्या हातात आणून दिली. "तुझा फोटो," म्हणली. "संगमनेरची कापी बी परत मागव."

त्या दिसापासनं घरात बोलणं म्हंजी मीठ दे, पानी तापलं का, इतकंच. केसं तिनं माझ्याकडनं बांधून घ्यायची सोडली. तेल न्हाई, पानी न्हाई. निसती मागं घेऊन रबर लावायची, आन ती केसं डोक्याभोवती फुगून उभी ऱ्हायची, जशी माझ्या आजीची असायची. मला म्हणावंसं वाटायचं, आगं, जरा चोपून बस. फणी उचलायची आन परत ठेवायची मी.

शाळेचं पत्र नव्या फोटोबिगार मिळंना, आन फोटोवाल्याचं नाव काढलं की जरीना उठून जायची. रोज सकाळी मनात एकच. आज सरांनी मन बदललं तर? दुसरेच कोन सर बसले असले तर? टेबलापुढं उभी ऱ्हायची, म्हणायची, "ही माझी मुलगी," शाईत अंगठा बुडवायचा, आन जरीना आत जायची. शाई निघायची न्हाई. भांडी घासताना, भाकर थापताना अंगठा निळा. नवऱ्याच्या धंद्यानं हात काळे केले व्हते, ते कुनाला दिसले न्हाईत. हा निळा अंगठा मात्र सगळी पेठ इचारायची.

गणिताच्या पेपराला व्हायचं ते झालं. लगनसराई सुरू झाली व्हती, स्टँडवर ही गर्दी. यष्टी लागली, लोटालोटी झाली, जरीना आत गेली आन माझा पाय पायरीवर चढता चढता मागच्या गड्यानं मला ढकलून आपलं गाठुडं आत घातलं. दार लागलं. डबल बेल. मी यष्टीमागं पळाले. ह्या वयात पळाले. धुरळ्यात निसती पळाले आन उभी ऱ्हायले. पुढची यष्टी तासानं. माझ्याबिगार तिला कोन आत सोडणार न्हाई, आन हे तिला बी ठाऊक, मला बी ठाऊक.

नाक्यावर कांद्याचा एक ट्रक उभा व्हता. डायवर पंजाबकडचा. मी निसता हात जोडला. "आळेफाटा. लेकीची परीक्षा." त्याला मराठी कितपत कळलं कोन जाणे. "बैठो माताजी," म्हणला. त्यानं ट्रक असा मारला की नारायणगावच्या वळणावर मी दोन्ही हातांनी दार धरलं. मधी एकदाच बोलला, "आप साउथ से हो?"

"न्हाई दादा. कोकणातली."

"अच्छा," म्हणला, आन जरा येळानं, "कोकण भी साउथ में ही है."

मी त्या भ्यातही हसले.

फाटकापाशी पोचले तवा पोरं सगळी आत गेली व्हती. जरीना एकटी भायेर उभी, रस्त्याकडं तोंड करून. टेबलाकडं तिची पाठ व्हती. मला ट्रकातनं उतरताना बघितलं तवा तिचं तोंड कसंतरीच झालं, पन रडली न्हाई. "आलीस," इतकंच म्हणली. माझा श्वास लागला व्हता. मी अंगठा पुढं केला, बोलायला येईना, आन सर म्हणाले, "बसा आधी. पाणी प्या. जाऊ दे तिला." पन त्या एका शबुदावर, त्या "आलीस"वर, मी आठ दिस काढले.

आयांचं बी हळूहळू सैल झालं. तीन तास बसून बाई किती दिस गप ऱ्हाणार? एकीनं इचारलंच, "तुमी आफ्रिकेच्या का वो?"

"माझा पाय कधी आफ्रिकेला लागला न्हाई. मी घाटाखालची."

"मग केसं अशी कशी?"

मग मी सांगितलं. समिंदरातनं आलेली गलबतं, इकलेली माणसं, जंजिऱ्याचे सिद्दी, आन आमच्या गावाभायेरचा घुमट, आन तो वजीर. सासऱ्यांनी सांगितलं तसंच सांगितलं, घोड्यामागं चालत आल्याचं बी. बाईनं शेंगा पुढं केल्या. म्हणली, "म्हंजी तुमी आमच्या आधीपासनं हितल्याच की. आमी तर पानशेतचं धरण झालं तवा हिकडं आलो." दुसरी म्हणली, "घ्या! आन आमी इतके दिस परकी म्हणून लांब बसलो!"

इतिहासाच्या पेपराला जाताना यष्टीत जरीना आपणहून बोलली. पुस्तक मांडीवर उघडं व्हतं. "अम्मा, आज्जा सांगायचे त्या वजिराचा फोटो असंल का कुटं?"

"तवा फोटो कुटं व्हते? चित्र असंल."

"चित्र हाय. जुन्या पुस्तकात म्या बघितलंय. त्यात तो काळाच हाय. चांगला काळा. पांढरा झगा घातलाय आन तलवारीवर हात." मग खिडकीकडं बघून म्हणली, "चित्र काढणाऱ्यानं टचिंग न्हाई केलं. कुनी सांगितलंच नसंल त्याला."

यष्टी खड्ड्यातनं गेली, दोघी हादरलो, तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. तिनं लगेच उचललं. पन लागलं व्हतं.

त्याच उन्हाळ्याची अजून एक गोष्ट ध्यानात हाय. परीक्षा झाल्यावरची. कमळाबाईकडं टीव्ही व्हता. बातम्यांत दाखवत व्हते, तिकडं आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला गोऱ्यांचं राज्य सपलं आन काळी माणसं पयल्यांदा मत द्यायला निघाली. रांगा म्हंजी माळावर सापासारख्या पसरलेल्या. म्हाताऱ्या बाया डोक्याला रुमाल बांधून, काठी टेकत, सकाळपासनं उभ्या. त्यातली एक म्हातारी जवळनं दाखवली. "हमीदा, आगं ही बघ तुझी मावशी!" कमळाबाई वरडली. सगळी हसली. मी बी हसले. पन ती म्हातारी टेबलापाशी पोचली आन माझं हसू थांबलं. टेबलामागचा माणूस तिचा कागद बघत व्हता. मग तिचं तोंड. परत कागद. माझा हात जरीनाच्या गुडघ्यावर गेला, मला कळलं बी न्हाई. जाऊ दे तिला, मी मनात म्हणत व्हते. जाऊ दे रे बाबा तिला. जरीनानं माझा हात काढला न्हाई. म्हातारीनं घडी केलेला कागद पेटीत टाकला, आन मागं वळून हसली, एक बी दात नसलेली. कमळाबाईनं टाळ्या वाजवल्या.

निकाल जूनात लागला. जरीना पास झाली. इंग्रजीत काठावर, इतिहासात लई बरे. पुढं नर्शिंगला गेली, आता मंचराकडं असती दवाखान्यात. संगमनेरचं स्थळ तवाच गेलं. फोटो परत आला, सोबत चिट्ठी न्हाई, काय न्हाई. मला त्याचं वाईट वाटायला पायजे व्हतं.

पन शेवटच्या पेपराचं सांगायचं ऱ्हायलं.

आदल्या दिशी जरीना एकटीच फोटोवाल्याकडं गेली. केसं फुगलेली तशीच. त्याला म्हणली, "पेन्सिल लावलीस तर फोटो तुझ्यापुढं फाडीन." फोटो घेतला, शाळेत जाऊन हेडमास्तरांची सही-शिक्का आणला, पत्र आणलं. घरी येऊन सगळं माझ्यापुढं ठेवलं. फोटोत ती व्हती. काळी, मोठ्या व्हटांची, कपाळावर माझ्यासारखी आठी, डोळं सरळ बघतायत. मी म्हणलं, "झालं. आता मला यायची गरज न्हाई." तिनं पत्र पॅडच्या चिमट्यात अडकवलं. मला वाटलं, बरंच झालं, तिची सुटका झाली. दुसऱ्या दिशी पहाटं मी तरी उठले, भाकरी केली, आन तिच्या मागनं स्टँडवर गेले. का गेले ते मला सांगता येणार न्हाई. तिनं जा म्हणलं न्हाई.

फाटकापाशी नेहमीचीच रांग. जरीनानं नवा फोटो आन पत्र टेबलावर ठेवलं. सरांनी चष्मा वर करून बघितलं, आन पयल्यांदाच हसले. "हं. आता जुळलं. बाई, तुम्ही उगाच आलात आज. आता तुमची गरज नाही." कागदाची वही मिटली. "जा गं आत."

जरीना हालली न्हाई.

"काय झालं? घंटी होईल."

"सर, थांबा," ती म्हणली. "अम्मा अजून बोलली न्हाई."

"अगं, आता पुरावा आहे ना. कागद आहे."

"कागद हाय. पन अम्मा बोलू दे."

मागं पोरं चुळबूळ करायला लागली. लिंबाखालच्या आया उठून उभ्या ऱ्हायल्या. पोलीस म्हणला, "आरं, येळ व्हतोय." सरांनी हात वर करून त्याला गप केलं, आन माझ्याकडं बघितलं. जरीना बी बघत व्हती. इतक्या दिसांत पयल्यांदा अशी सरळ, न चुकवता.

रोज मी तेच तीन शबुद खाली मान घालून बोलायची, लवकर, अंगठा उठवावा तसे. त्या दिशी मला कुनी जबरी केली नव्हती. मी पदर नीट घ्यायला हात वर नेला, आन तसाच खाली आणला. पदर खांद्यावरच ऱ्हाऊ दिला.

"ही जरीना," मी म्हणलं. "माझी लेक. आमी सिद्दी हाओत, हबशी म्हणतात ते. बघा साहेब, हुबेहूब माझ्यावर गेलीया."